पद्मिनीची पन्नाशी

माणसानं पन्नाशी गाठली की चार लोक जमून त्याला शाल आणि नारळ देतात. मोटारीनं पन्नाशी गाठली की सरकार तिला 'व्हिंटेज' म्हणतं आणि वीस हजार रुपये मागतं. हा फरक मला ठाऊक असण्याचं कारण असं की आमच्या घरातल्या मोटारीला 2025 साली पन्नास वर्षं पूर्ण झाली. माझी स्वतःची पन्नाशी त्याच्या बरीच आधी झाली. तेव्हा मला मिळालेली शाल सध्या गाडीच्या टपावर पांघरलेली असते.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. अर्थात हे नाव फक्त कागदोपत्री. बुलढाण्यात तिला कुणी पद्मिनी म्हटल्याचं मला आठवत नाही. वालचंद हिराचंदांच्या कंपनीनं इटलीच्या फियाटशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी काढली आणि पुढे 1974 च्या सुमारास चितोडच्या राणीच्या नावानं तिचं पुन्हा बारसं केलं. पण लग्नात मुलीचं नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावानं हाक मारतात, तसं झालं. फियाट ती फियाटच राहिली.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती 1975 साली घेतली. घेतली म्हणजे त्या साली ती घरी आली. पैसे भरून किती वर्षं झाली होती, हे विचारायचं नाही असा घरात दंडक होता. त्या काळी मोटार 'बुक' करणं हा प्रकार वंशवृद्धीसारखा असे. आपण फक्त सुरुवात करायची, फळ देवाच्या हाती.

अण्णा वकील. आता तुम्ही म्हणाल, बुलढाण्यासारख्या गावात वकिलाला मोटार कशाला? तर त्याला भूगोल जबाबदार आहे. बुलढाणा हे जिल्ह्याचं गाव खरं, पण त्याला रेल्वे नाही. तेव्हा नव्हती आणि आजही नाही. आगगाडी पकडायची तर राजूर घाट उतरून मलकापूरला जायचं. आमच्या जिल्ह्यात माणसांच्या दोनच जाती खऱ्या : घाटावरचे आणि घाटाखालचे. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. घाटावरच्यांना घाटाखालचं ऊन सोसत नाही आणि घाटाखालच्यांना घाटावरचा शिष्टपणा सोसत नाही. अण्णांचे पक्षकार बहुतेक घाटाखालचे. त्यामुळे आमच्या फियाटचं अर्धं आयुष्य तो घाट उतरण्यात गेलं आणि उरलेलं अर्धं तो चढताना थांबण्यात.

थांबण्याचं शास्त्र सांगतो. इंजिन 1089 सी.सी.चं, चार सिलिंडर, चाळीसेक घोड्यांची ताकद. घोडे सपाटीवर छान धावतात. पण वैशाखातल्या दुपारी चढावर इंजिन तापलं की पंपाजवळच्या नळीतच पेट्रोलची वाफ होते. पंप बिचारा वाफ ओढत बसतो आणि तिकडे कार्बोरेटर तहानेनं तडफडतो. यावर उपाय एकच. पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि झाडाखाली बसून जगाची निंदा करायची. वीस मिनिटांनी पंप निवतो. निंदा तोवर रंगात आलेली असते, ती अर्धवट टाकून उठावं लागतं, हाच काय तो त्रास.

1983 च्या मे महिन्यात माझं लग्न मलकापूरला झालं आणि वरात भर दुपारी तीनला बुलढाण्याकडे निघाली. हा मुहूर्त अण्णांचा. पुढच्या सलग सीटवर आम्ही तिघं. गियरचा दांडा स्टिअरिंगला असल्यामुळे मधल्या माणसाचे गुडघे सुखरूप राहत. चालवायला अण्णा, मध्ये मी, आणि खिडकीशी मिस्त्री. अण्णा लांबच्या प्रवासाला मिस्त्रींना पाहुणे म्हणून नेत. मागे नवरी, करवली, माझी आत्या आणि आत्याच्या मांडीवर समई. टपावर रुखवत. घाटाच्या मध्यावर गाडीनं दोन आचके दिले आणि डोळे मिटले.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि हात मागे केला. "फडकं द्या."

गाडीत फडकं नव्हतं. होती ती सगळी रेशमी माणसं. शेवटी माझं उपरणं आत्याच्या फिरकीच्या तांब्यातल्या पाण्यात बुडवून पंपावर गुंडाळण्यात आलं. आमच्या सहजीवनातलं पहिलं वाक्य नवरी त्याच वेळी बोलली. तिनं आत्याला विचारलं, "हे नेहमी होतं का?"

"छे गं," आत्या म्हणाली, "फक्त उन्हाळ्यात."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात मुळात सुरूच होत नाही."

तेव्हापासून सौ. घरखर्चाच्या वहीत गाडीचा खर्च 'औषधपाणी' या सदरात मांडते. वास्तविक गाडी तिच्या आठ वर्षं आधी या घरात आली होती, तेव्हा मान गाडीचा. हे मी तिला एकदा सांगितलं. पुन्हा सांगितलं नाही.

आता मिस्त्रींविषयी. चिखली रोडला एका कडुनिंबाखाली त्यांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे कडुनिंब, एक लाकडी पेटी आणि मिस्त्री. गाडी आली तेव्हा ते पंचविशीत होते. मोटारीचं शिक्षण त्यांना कुठल्या शाळेत मिळालं नाही, पण त्यांच्या काही पद्धती अशा की इंजिनियर लोकांनी टिपून घ्याव्यात. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचंच घ्या. हे दोन पॉइंट एकमेकांपासून साधारण 0.4 मिलिमीटर दूर उघडावे लागतात. अंतर कमीजास्त झालं की ठिणगी चुकते आणि गाडी खोकायला लागते. हे अंतर मोजायला पोलादी पात्यांचं गेज मिळतं. मिस्त्रींचं गेज तरुणपणीच हरवलं. तेव्हापासून ते लग्नपत्रिकेचा कोपरा कापून पॉइंटमध्ये घालून पाहत. लग्नसराईत गावातल्या सगळ्या पत्रिका ते चाचपून बघत. बहुतेक नापास होत.

माझी पत्रिका त्यांनी बोटांत धरली, पॉइंटात घातली आणि म्हणाले, "पत्रिका बरोबर हाय. बाकी तुमचं नशीब."

पत्रिका बरोबर असल्याचा परिणाम असा झाला की पुढे कितीतरी वर्षं आमच्याच पत्रिकेचे कोपरे वापरात राहिले. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला सौ.नं कपाटातून पत्रिका काढली, तेव्हा तीवर वरचा गणपती आणि तिचं अर्धं नाव एवढंच शिल्लक होतं. माझं नाव, वडिलांचं नाव, मुहूर्त, स्थळ, सगळं फियाटच्या पोटात गेलं होतं.

रेडिएटरच्या बाबतीत मिस्त्रींचा नियम कडक. "घाटाखालचं पानी गाडीले पाजू नका." पूर्णेच्या काठानं आमच्याकडे खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहिरीचं पाणी खारट. रेडिएटरमध्ये घातलं तर आत थर धरतात. त्यामुळे घाटाखाली जाताना अण्णा बुलढाण्याचं पाणी डब्यात भरून नेत. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या कितीतरी माणसांच्या किडन्या गेल्याचं आपण पेपरात वाचतो. त्यांच्यासाठी डबा भरून नेणारं मात्र बरीच वर्षं कुणी नव्हतं. एकदा एक पक्षकार अण्णांना म्हणाला होता, "वकीलसायेब, तुमची गाडी नशीबवान हाय." अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेपासून डबे दोन न्यायला लागले.

2007 साली अण्णा गेले. शेवटच्या दुखण्यात त्यांना दवाखान्यात न्यायला मी ॲम्ब्युलन्स बोलावली. स्ट्रेचरवरून त्यांनी एकच विचारलं, "आपली गाडी असताना?" गाडीची बॅटरी दोन महिने उतरलेली होती. मी बँकेच्या कामात होतो आणि आज करू, उद्या करू चाललं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. नंतर सांगायची वेळ आली नाही.

त्यानंतर शेडचं दार मी बारा वर्षं उघडलं नाही. लोक विचारत, "गाडी विकली का?" मी म्हणे, "बघू."

2019 मध्ये निवृत्त झालो आणि दार उघडलं. आत संसार थाटलेला होता. मागच्या सीटवर शेजाऱ्यांच्या कोंबडीनं अंडी उबवण्याची सोय केली होती. उंदरांनी वायरिंगचं पिवळं वेष्टण खाल्लं होतं, हिरवं ठेवलं होतं. त्यांच्याही आवडीनिवडी असतात. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून ब्रेकवर पाय ठेवला, तो थेट शेडच्या फरशीला लागला. मधला पत्रा गंजून गेला होता. गाडी अशा अवस्थेत पायांनी चालवता आली असती, पेट्रोल वाचलं असतं.

मिस्त्री आले. तेही एव्हाना निवृत्तच. कडुनिंबाखाली आता नातवाचं शटर लावलेलं दुकान. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर तळवा ठेवला आणि विचारलं, "वकीलसायेबाले किती वर्सं झाले?"

"बारा."

"मंग हिले बारा वर्सं सुतकात बसवलं व्हय तुमी?"

मी काही बोललो नाही. त्यांनीच पुढे पेटी उघडली.

नातू मदतीला आला होता. हुशार मुलगा. त्याच्याकडे एक यंत्र आहे. ते गाडीच्या डॅशबोर्डखाली जोडलं की गाडीला काय झालंय ते पडद्यावर उमटतं. तो अर्धा तास आमच्या फियाटखाली टॉर्च घेऊन पडला होता. शेवटी बाहेर येऊन म्हणाला, "आजोबा, हिला जोडायला जागाच नाही."

मिस्त्रींनी लांब पेचकस काढला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि म्हणाले, "ही जागा." पूर्वी ते पेचकसाची मूठ कानाला लावून इंजिनाच्या आतलं ऐकत, डॉक्टर छाती ऐकतात तसं. आता त्यांना ऐकू कमी येतं. म्हणून ते मूठ दातांत धरतात. आवाज दातांतून हाडात आणि हाडातून आत जातो. कान गेले तरी दात आहेत, दात जातील तेव्हा बघू, असं ते म्हणतात. पहिल्यांदा हे दृश्य पाहिलं तेव्हा सौ.ला वाटलं की पोरांचं जेवण झालेलं नाही, म्हणून तिनं पोहे टाकले.

पण हे सगळं इंजिन सुरू झाल्यावरचं. आधी ते जाम होतं. चारी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं आणि आठ दिवस मुरत ठेवलं, लोणचं मुरवतात तसं. रोज सकाळी पूजा झाली की शेडमध्ये जाऊन मी पुढचा पंखा हातानं फिरवून पाहायचो. आठ दिवस नकार. नवव्या दिवशी पंखा बोटभर सरकला. मी धावत आत जाऊन सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "नातवानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तुम्ही बँकेत होतात."

प्लगच्या वायरी मी स्वतः जोडल्या. सरळमार्गी माणूस. एक, दोन, तीन, चार अशा ओळीनं जोडल्या. स्टार्टर मारताच कार्बोरेटरमधून जाळ आला आणि माझी उजवी भुवई गेली. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "इंजिनाले अंकलिपी शिकवू नका. तिची मोजणी वेगळी." फियाटची सिलिंडरं एक-तीन-चार-दोन अशा क्रमानं पेटतात. हा क्रम मी आता झोपेतही म्हणतो. लिफ्टमध्येसुद्धा पहिल्या मजल्यानंतर तिसऱ्याचं बटण दाबावंसं वाटतं.

अण्णांच्या डायऱ्या या काळात कामी आल्या. वकिली अक्षरात प्रत्येक लिटरचा आणि प्रत्येक थांबण्याचा हिशेब. 'डावा मागचा ब्रेक ओढतो. उताराला जपून.' 'उजव्या दारातून पाणी. फेविकॉल नको, रबर घाला.' एका पानावर नुसतंच, 'आज एकदाही थांबली नाही. काहीतरी बिघडले असावे.' आम्ही डावा मागचा ब्रेक उघडला. अजून ओढतच होता. 'तुमच्या अण्णांची तक्रार मिटवा' म्हणून मिस्त्रींनी ड्रममधलं सिलिंडर आणि त्याचं रबर दोन्ही बदललं.

रंगाची कहाणी वेगळी. गाडी मुळात मलई रंगाची. पेंटरनं मार्च 2020 मध्ये गंज घासून लाल ऑक्साइडचा हात मारला आणि दुसऱ्या दिवशी टाळेबंदी लागली. गाडी अडीच महिने शेडमध्ये लाल होऊन उभी. जूनमध्ये पेंटर आला, घाईघाईनं वरून मलई रंग दिला आणि खालचा लाल वर झिरपला. गाडी गुलाबी झाली. हलकीशी, लाजल्यासारखी, पण गुलाबी. नेमकं त्याच महिन्यात लोणारच्या सरोवराचं पाणीही गुलाबी झालं. उल्केच्या आघातानं झालेलं, जगभर गाजलेलं आमचं सरोवर. टीव्हीवाले धावले, शास्त्रज्ञांनी नमुने नेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं शोधून काढलं. आमच्या गाडीचे नमुने न्यायला कुणी आलं नाही. पेंटरनं मात्र कारण दिलं. "लोणारकडचं वारं." पुढे सरोवराचा रंग परत गेला. गाडीचा गेला नाही. दुसरा हात मारून घ्या असं सगळे सांगतात. पण सौ.ला हा रंग आवडतो. गेल्या चाळीस वर्षांत तिला गाडीचं काहीतरी आवडल्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा मी स्वस्थ आहे.

सुटे भाग हे खरं दुखणं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या होत्या तोवर देशात कुठंतरी फियाटचे अवयव मिळत. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला झाली होती आणि टॅक्सीचं वय वीस वर्षं, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. टीव्हीवर तिचे फोटो पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सौ. म्हणाली, "रडू नका. आता त्यांचे सुटे भाग स्वस्त होतील." मला पटलं. मी मलकापूरहून आगगाडीनं मुंबईला गेलो आणि कुर्ल्याला उतरलो. जिथं ती जन्मली तिथंच तिचे अवयव शोधायचे. कारखाना राहिलेला नाही. त्या भागात उंच इमारती झाल्या आहेत. प्रीमियर रोड हे रस्त्याचं नाव तेवढं आहे. मी त्या पाटीखाली थोडा वेळ उभा राहिलो. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "काका, किधर?" मला उत्तर सुचलं नाही.

जुन्या बाजारात दाराचं हँडल मिळालं. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "व्हिंटेजवाले काय?" मी भाबडेपणानं "हो" म्हटलं. त्या एका अक्षराला मला किती पैसे पडले ते मी वहीत लिहू दिलं नाही.

बरं, भाग जमवले तरी आता पेट्रोल बदललं. त्यात वीस टक्के इथेनॉल. उसाचं, मक्याचं. जुन्या गाड्यांची रबरं त्यानं फुगतात आणि कुजतात, म्हणून पंपातला पडदा आणि सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्या लागल्या. शेजारचे भाऊ चिखलीकडे मका लावतात. ते खूश. "म्हणजे आमचा मका तुमची गाडी पेते म्हना की." मी म्हटलं, पिते, पण तिला चढते. भाऊ म्हणाले, "पन्नाशीत सुरुवात केली का चढतेच."

आणि मग ही पन्नाशी आली. मुलगा पुण्याला असतो. त्यानं फोन करून नियम समजावला. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूप न बदललेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांसाठी. नोंदणी आधीच असेल तर जुना नंबरही ठेवता येतो. नाहीतर नेहमीसारखं पाच पाच वर्षांचं नूतनीकरण आहेच. 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार, पर्यावरण कर वेगळा. सौ.नं लगेच हिशेब केला. "दोन्हीकडून वर्षाचे दोन हजारच पडतात. मग मान तरी मिळू दे."

"पण बाबा," मुलगा म्हणाला, "एक अट आहे. व्हिंटेज गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची."

मी विचार केला. गेल्या पन्नास वर्षांत ही गाडी पेट्रोल आणि दुरुस्ती सोडून कशासाठी बाहेर पडली होती? ती जन्मापासून कायद्यातच वागत आली होती. पण मनाला लागून राहिलं. म्हणजे मलकापूरला मुलाला घ्यायला जायचं नाही. गुरुवारी शेगावला जायचं नाही. मंडईतून मेथीची जुडी आणायची नाही. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर ॲम्ब्युलन्स बोलवायची, आणि त्या माणसानं विचारलं, "आपली गाडी असताना?" तर सांगायचं, ती आता व्हिंटेज आहे. पुन्हा तेच. या वेळी फक्त बॅटरी चार्ज केलेली असेल.

मुलाचंही चुकत नाही. त्याला वाटतं, गाडी जपली जाईल. मध्यंतरी एक गृहस्थ गाडी मागायलाही आले होते. लग्नाआधी नवरानवरीचे फोटो काढतात, त्यासाठी. रंग आधीच गुलाबी आहे म्हणून खूश होते. "चालायची गरज नाही," म्हणाले, "नुसती उभी पाहिजे." मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

मुलानं पाठवलेल्या फॉर्मची प्रत छापून घेतली, खिशात ठेवली आणि गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेलो. दोन दिवस ती खोकत होती. मिस्त्री शटरसमोर खुर्ची टाकून बसले होते. मी सगळा प्रकार मोठ्यानं सांगितला. रस्त्यावरच्या चार माणसांनी ऐकला. मिस्त्रींनी अर्धा ऐकला असावा.

"उभी करून ठेवायची?"

"तसं नाही, पण रोज नाही चालवायची."

"येकच झालं," ते म्हणाले आणि बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायला लागले. "पॉइंट सरकले हायेत. पत्रिका द्या."

पत्रिका संपल्याचं मी सांगितलं. नातवाकडे विचारलं. त्याच्याकडे त्या आठवड्यात तीन लग्नांची आमंत्रणं होती, तिन्ही व्हॉट्सॲपवर. एक पत्रिका दुकानात सापडली, ती पेटीसारखी, पुठ्ठ्याची, आत लाडूसाठी खण. ती पॉइंटमध्ये घालायची तर आधी गाडी मोठी करावी लागली असती.

मिस्त्रींनी माझ्या खिशाकडे हात केला. "त्यो कागद काय हाय?"

"तो फॉर्म आहे, मिस्त्री."

त्यांनी तो काढला, अंगठ्यानं चाचपला, एकदा दुमडला, पुन्हा एकदा दुमडला. चार पदर झाले. कोपरा कात्रीनं कापला आणि पॉइंटमध्ये घालून इकडेतिकडे सरकवला. नातवानं मोबाइलवर गुणाकार केला. छपाईच्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर, चार पदर म्हणजे 0.4. तो आजोबांकडे बघतच राहिला. मिस्त्रींनी स्क्रू आवळला, कोपरा ओढून काढला आणि खिशात टाकला. "हा चालते. जपून ठेवतो."

गाडी पहिल्याच स्टार्टरला उठली. मिस्त्रींनी पेचकस टेकवला, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच वाकून होते. मग पेचकस धोतराला पुसला आणि माझ्या हातात दिला. आजवर त्यांनी तो कुणाला दिलेला मी पाहिला नव्हता. नातवालासुद्धा नाही. मी मूठ दातांत धरली. आधी नुसती घरघर. मग त्या घरघरीच्या मागे एक बारीक टिकटिक, कुणीतरी नखानं दार वाजवावं तशी.

"कितवा?" मिस्त्रींनी विचारलं.

"तिसरा."

त्यांनी पेचकस परत घेतला आणि पुन्हा ऐकलं.

"दुसरा," ते म्हणाले. "उद्या या. परवा बी या."

घरी आलो तर मुलाचा फोन. "बाबा, फॉर्म भरला का?"

"भरला," मी म्हटलं. "अगदी फिट बसला."